भुताचा बॉल

माझ्या फोनमध्ये आठ वर्षांपूर्वीची एक छोटीशी क्लिप आहे. पुण्यात कॅम्पातल्या एका पूल पार्लरमध्ये काढलेली. काढणारा मित्र टेबलाच्या एका टोकाला उभा आहे. त्याच्या पुढ्यात माझी मावसबहीण टेबलावर वाकली आहे आणि बाजूने माझा हात दिसतो. मी कापडावर एका जागी बोट टेकवून म्हणतो, "इथे एक बॉल आहे असं समज. दिसत नाही, पण आहे. त्याच्या मधोमध मार. आणि हळू मार, म्हणजे चुकणार नाहीस." मग बोट काढून घेतो. ती मारते. बॉल पॉकेटच्या कडेवर आपटून बाहेर येतो. पुन्हा बोट, पुन्हा शॉट, पुन्हा तेच. चौथ्या वेळी माझा वैतागलेला आवाज येतो, "अगं, तुला नजरच नाहीये!" ती हसते. क्लिप संपते.

त्यानंतर दोनेक महिन्यांत तिने खेळणं सोडलं. क्लासेस, परीक्षा, नोकरी अशी कारणं होतीच. मीही ते विसरून गेलो. गेल्या वर्षी एका वेगळ्याच भांडणाचा निकाल लावायला आम्ही दोन फोन घेऊन टेबलाशी झटत होतो, तेव्हा जुन्या क्लिपा चाळताना ही सापडली. पाहिली, आणि पोटात खड्डा पडला.

त्या क्लिपमध्ये काय दिसलं, ते शेवटी सांगतो. कारण ते दिसायला मला आधी बरंच काही समजून घ्यावं लागलं. नेम धरताना माणूस नेमकं काय करतो, हे शोधायचा प्रयत्न लोक दोनशे वर्षं करत आहेत, आणि त्यात कॅमेरा फार उशिरा आला.

दोन एटीएम कार्डांची जाडी

पूलमध्ये आपण मारतो तो एकच बॉल, पांढरा. बाकीचे सगळे बॉल तो मारतो. पांढरा, रंगीत आणि पॉकेट एका रेषेत असतील तर प्रश्न सोपा. नसतील तर रंगीत बॉलला बाजूने धक्का द्यावा लागतो. त्याला कट म्हणतात. धक्का कुठे द्यायचा, हे शोधायचा सगळ्यात जुना आणि सरळ उपाय भूमितीचा आहे. पॉकेटपासून रंगीत बॉलच्या मध्यातून एक रेघ मनात ओढा. ती रेघ बॉलच्या मागच्या बाजूला जिथे बाहेर पडते, तिथे त्याला चिकटून एक काल्पनिक बॉल ठेवा. पांढरा बॉल नेमका त्या जागी पोचला की काम झालं. याला जगभर घोस्ट बॉल म्हणतात. आमच्या पार्लरमधले काका 'भुताचा बॉल' म्हणायचे.

ऐकायला सोपं वाटतं, पण हिशोब करून बघा. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. पांढरा बॉल त्या काल्पनिक जागेपासून १ मिलिमीटर बाजूला पोचला, तर रंगीत बॉलची दिशा साधारण १ अंशाने बदलते. पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास असतं. त्यातून बॉल जायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून चुकायला जागा जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर. बॉल पॉकेटपासून १ मीटरवर असेल तर १ अंशाची चूक तिथे पोचेपर्यंत पावणेदोन सेंटिमीटर होते. म्हणजे सुरुवातीला दीड मिलिमीटरच्या वर चूक झाली, की बॉल गेला बाहेर. दीड मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन एटीएम कार्डं. आणि हा नेम धरायचा कशावर? रिकाम्या हवेवर.

म्हणून तर नेम धरायच्या 'पद्धती' निघाल्या. प्रत्येक पद्धतीचा दावा एकच: हवेतल्या त्या बिंदूऐवजी डोळ्याला धरता येईल असं काहीतरी आम्ही तुम्हाला देतो.

कैदी कॅप्टन आणि गणिती प्राध्यापक

बिलियर्ड्स पूलच्या कितीतरी आधीचा. त्यात सुरुवातीला बॉल टोचत नसत, ढकलत. काठीच्या टोकाला लाकडी ठोकळा असे. नंतर काठीच्या निमुळत्या टोकाने मारायची पद्धत आली, पण नुसतं लाकूड गुळगुळीत बॉलवरून घसरे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स्वा मँगो नावाच्या फ्रेंच कॅप्टनने त्या टोकाला चामड्याची टोपी बसवली. तो तेव्हा कैदेत होता, आणि कैदेत त्याला बिलियर्ड्सचं टेबल मिळालं होतं, असं सांगतात. चामड्याने बॉलला पकड मिळाली. मध्यापासून बाजूला मारून बॉल फिरवता येऊ लागला. १८२७ मध्ये मँगोने आपल्या शॉट्सचं पुस्तकही काढलं.

मग १८३५ मध्ये पॅरिसमध्ये आणखी एक पुस्तक आलं, बिलियर्ड्सच्या गणिताचं. लेखक गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस. हो, तोच. शाळेत भूगोलात वाऱ्यांच्या धड्यात ज्याचं नाव पाठ करावं लागतं तो. त्याने कापडावरचं घर्षण, फिरकी आणि बॉलला बॉल लागतानाचं घर्षण हे सगळं समीकरणांत मांडलं. फिरणारा बॉल वळतो, तेव्हा त्याचा रस्ता पॅराबोलाचा असतो, हे त्याने दाखवलं. जास्तीत जास्त साइड स्पिन हवी तर मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर मारा, हेही.

यातलं काहीही त्याला प्रत्यक्ष थांबवून बघता येत नव्हतं. डाग्वेरच्या छायाचित्रणाची घोषणा व्हायला अजून चार वर्षं होती. बॉल एकमेकांना लागतात तो क्षण कोणीच पाहिला नव्हता. एका बाजूला हाताने सगळं करून दाखवणारा कॅप्टन आणि दुसऱ्या बाजूला कागदावर सगळं सिद्ध करणारा प्राध्यापक. मधली गोष्ट, म्हणजे नेम धरताना शरीर काय करतं, ती दोघांच्याही पुस्तकांतून निसटते.

पाव, अर्धा, पाऊण

आपल्याकडे हा खेळ आला तो साहेबांच्या क्लबांतून आणि छावण्यांतून. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आधीच्या खेळात आणखी रंगांचे बॉल मिसळले आणि स्नूकर जन्माला आलं. (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा.) १८८२ मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम मांडले गेले.

त्या क्लबांत आणखी एक माणूस असायचा: मार्कर. गुण मांडणारा, टेबलाला ब्रश मारणारा, काठ्या सांभाळणारा, आणि साहेबाला जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याशी खेळणारा. दिवसभर टेबलापाशी उभा राहणारा माणूस खेळ शिकणारच. कित्येक मार्कर उत्तम खेळत आणि सदस्यांना शिकवत. त्यांचं ज्ञान तोंडी आणि हातातलं. आमचे काका अशाच एका क्लबात मार्कर होते. निवृत्तीनंतर आमच्या पार्लरमध्ये येऊन बसायचे, आणि आम्ही चुकलो की न विचारता बोलायचे.

काकांची भाषा अपूर्णांकांची. "पाऊण बॉल घे." "अर्धा." "इथे पावच लागेल." ही इंग्लिश बिलियर्ड्सची भाषा. त्या खेळाचा पायाच 'अर्धा बॉल' आहे. पांढऱ्याच्या मध्यातून रंगीत बॉलच्या बरोबर कडेवर नेम धरायचा. कड डोळ्याला दिसते, म्हणून हा नेम पक्का. भूमितीने यात रंगीत बॉल ३० अंशांनी जातो. पाऊण बॉल लागला तर साधारण साडेचौदा अंश, पाव लागला तर साडेअठ्ठेचाळीस. मराठीत पाव-अर्धा-पाऊण आयतेच आहेत, त्यामुळे आम्हाला ते कधी शिकावंच लागलं नाही.

या भाषेवर मोठमोठे खेळाडू घडले. पुण्यातच १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. काका त्यांचं नाव घेताना कानाला हात लावायचे.

पण पूलमध्ये अडचण होते. कटचे कोन काही तीनच नसतात. वर केलेला हिशोब पुढे नेला, तर १ मीटरवरच्या पॉकेटसाठी एका नेमाने साधारण ३ अंशांचा पट्टा भागतो. शून्यापासून ८० अंशांपर्यंतचे कट धरले तर किमान पंचवीसेक वेगवेगळे नेम लागतात. पाव, अर्धा, पाऊण यांच्या मधले सगळे नेम खेळाडू अंदाजाने भरून काढतो. "पाऊणला जरा कमी," काका म्हणायचे. तो 'जरा' म्हणजे किती, हे मात्र कधी सांगता आलं नाही.

घोडा आणि बॉल

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने धावणाऱ्या घोड्याची ओळीने चित्रं टिपली. घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात का, हा वाद होता. सोडतात, हे चित्रांत दिसलं. पण गंमत पुढेच आहे. चित्रकार शतकानुशतकं धावता घोडा रंगवताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवत. पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली दुमडलेले असतात. रोज घोडे बघणाऱ्या माणसांनी हे कधीच पाहिलं नव्हतं.

पूलच्या टेबलावर हा क्षण यायला आणखी शंभरेक वर्षं लागली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये काही अभ्यासू खेळाडू सेकंदाला हजारो चौकटी टिपणारा कॅमेरा घेऊन जमले. काठीचं टोक बॉलला किती वेळ चिकटून असतं? सेकंदाचा सुमारे हजारावा भाग. 'बॉलला जरा जास्त वेळ ढकलत ठेवा' हा गुरुजनांचा लाडका सल्ला त्या एका आकड्याने निकालात काढला. हजाराव्या भागात कोणाचाही हात काही ठरवू शकत नाही.

पुढे कोलोराडो स्टेट विद्यापीठातले मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर यांनी असे शेकडो शॉट हाय-स्पीड व्हिडिओवर घेऊन समीकरणांशी ताडून पाहिले. त्यातली एक गोष्ट या लेखासाठी महत्त्वाची आहे: थ्रो.

भुताच्या बॉलची भूमिती धरून चालते की रंगीत बॉल दोन्ही बॉलांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवरूनच निघेल. बॉल एकमेकांवर अजिबात घासले नाहीत तर तसंच होईल. पण ते घासतात. पांढरा बॉल बाजूने जाता जाता रंगीत बॉलला आपल्या दिशेने किंचित ओढून नेतो. परिणामी रंगीत बॉल हवा तेवढा कट होत नाही. पार्लरच्या भाषेत शॉट 'जाड' जातो. हा थ्रो अर्ध्या बॉलच्या आसपासच्या कटला, हळू मारलेल्या आणि लोळण न घेता घसरत आलेल्या बॉलला सगळ्यात जास्त. तेव्हा तो ३-४ अंशांपर्यंत जाऊ शकतो. बॉल मळके असतील तर आणखी. १ मीटरवर ३ अंश म्हणजे ५ सेंटिमीटर. आपल्याकडे मोकळी जागा होती तीनहून कमी.

थोडक्यात, भुताच्या बॉलवर अगदी अचूक मारलं तरी काही शॉट चुकतातच. बॉल जातो तो नेम थोडा 'पातळ' धरणाऱ्याचा.

जादूच्या रेघा

आता ज्या भांडणामुळे आम्ही फोन बांधले त्याकडे येतो.

इंटरनेट आल्यावर अमेरिकेत हॅल हूल या शिक्षकाच्या नेम धरायच्या पद्धती पसरल्या. त्यांतली प्रसिद्ध म्हणजे 'सेंटर टू एज'. त्यात हवेतला बिंदू बघायचाच नाही. पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलच्या कडेशी जुळवायचा, पांढऱ्याची कड रंगीत बॉलवरच्या एका ठरलेल्या भागाशी जुळवायची, काठी किंचित बाजूला ठेवून वाकायचं आणि मग ती फिरवून पांढऱ्याच्या मध्यावर आणायची. बस. शिकलेले लोक शपथेवर सांगतात की बॉल जातो. विरोधक विचारतात: तुमच्या जुळण्या मोजक्या, कोन पंचवीसहून जास्त, मग उरलेले कोन येतात कुठून? यावरून वर्षानुवर्षं कडाक्याची भांडणं झाली.

माझ्या एका मित्राने अशाच धर्तीचा एक ऑनलाइन कोर्स पैसे भरून घेतला. पार्लरच्या स्पर्धेला महिना राहिला होता आणि तो खरोखर सुधारला होता. काका म्हणाले, "ही थेरं आहेत. बॉलमागचा बॉल बघ." मित्र म्हणाला, "काका, तुम्ही स्वतः तरी तो बघता का?" काकांना ते लागलं. दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि मला म्हणाले, "काय तो फोन लावायचाय तो लाव."

आम्ही काय केलं

पूलच्या पद्धती 'सिद्ध' करणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. धडाधड बॉल जातात, खाली संगीत वाजतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चुकलेले शॉट कापून टाकलेत का, कळत नाही. शिवाय बॉल गेला म्हणजे पद्धत बरोबर, हेही खरं नाही. नेम जाड धरला आणि हात नेमका पातळ बाजूला वळला, तर दोन चुका मिळून बॉल जातो. असा माणूस बाहेर येऊन सांगतो की माझी पद्धत अचूक आहे.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या बघायच्या ठरवल्या: वाकून स्थिर झाल्यावर काठीची रेघ कुठे होती, मारताना काठी कुठे गेली, आणि बॉल कुठे गेला. एक फोन टेबलावरच्या दिव्याच्या सांगाड्याला खाली तोंड करून बांधला. दुसरा खेळाडूच्या समोर, हनुवटी आणि काठी दिसेल असा. फायलीच्या कागदांच्या भोकांना चिकटवतात त्या गोल चकत्या कापडावर लावून बॉलांच्या जागा पक्क्या केल्या. एक जागा ठरवली, आणि रंगीत बॉलची दुसरी जागा तिच्यापासून चार सेंटिमीटर बाजूला. दोन्ही शॉट डोळ्याला जवळजवळ सारखेच, पण पॉकेटसाठी वेगळे. काही वेळा पॉकेटपुढे चादर धरली, म्हणजे मारणाऱ्याला पॉकेट दिसू नये. सगळं सलग रेकॉर्ड केलं, चुकांसकट.

एक मर्यादा सांगायला हवी. आमचे फोन सेकंदाला २४० चौकटी टिपत होते. दोन चौकटींमध्ये सेकंदाचा चार हजारांश भाग जातो, आणि काठीचा स्पर्श एक हजारांश भागाचा. म्हणजे तो क्षण आमच्या कॅमेऱ्यातून निसटतच होता. आम्हाला फक्त त्याच्या आधीचं आणि नंतरचं दिसत होतं. पण भांडण त्यापेक्षा ढोबळ होतं, तेवढ्याला हे पुरेसं होतं.

आधी मित्र. दोन्ही जागांसाठी त्याने एकच जुळणी सांगितली, मोठ्याने: "कड, मग मध्य, मग फिरव." वरच्या फोनमध्ये मात्र दोन्ही वेळी काठी फिरवून थांबवल्याची जागा वेगळी होती. बॉल चार सेंटिमीटर सरकला तशी त्याची काठीही किंचित जास्त फिरत होती. बॉल जात होते. पण ते जात होते ते त्याच्या नकळत झालेल्या त्या दुरुस्तीमुळे. चादर धरल्यावर ती दुरुस्ती डळमळायला लागली.

मग मी. माझे चुकलेले शॉट बघितले तर वाकल्यावर माझी रेघ बहुतेक वेळा ठीक होती. शेवटच्या क्षणी कोपर बाहेर जात होतं. मी वर्षभर नेम सुधारत बसलो होतो आणि रोग कोपरात होता.

शेवटी काका. त्यांनी प्रत्येक शॉटआधी आकडा सांगितला. "अर्धा." हळू मारला, बॉल गेला. पुन्हा "अर्धा", बॉल गेला. मी टॅबवर चौकटी एकेक करून दाखवल्या. त्यांची काठी बॉलच्या कडेवर नव्हती. कडेच्या बाहेर होती, प्रत्येक वेळी. ते अर्धा म्हणत होते आणि अर्ध्याहून पातळ मारत होते. जोरात मारलेल्या शॉटला कमी पातळ, हळू मारलेल्याला जास्त. थ्रोची दुरुस्ती त्यांच्या हातात होती. 'थ्रो' हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

चाळीसहून जास्त वर्षं खेळलेल्या त्या माणसाने स्वतःला मारताना पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे मी कोणाला शिकवलंच नाही रे. सगळ्यांना अर्धाच सांगितला. आणि बॉल नाही गेला की म्हणायचो, नजर नाही."

नजर म्हणजे काय

मित्र का सुधारला होता, हा प्रश्न उरतोच. त्याचं एक उत्तर कॅमेऱ्याच्या दुसऱ्या परंपरेतून येतं. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जोन व्हिकर्स यांनी १९९० च्या दशकात खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपायला सुरुवात केली. चांगल्या खेळाडूंची नजर हालचाल सुरू व्हायच्या आधी एका जागी जास्त वेळ स्थिरावते, असं त्यांना दिसलं. तिला त्यांनी 'क्वाएट आय' म्हटलं, शांत नजर. २००२ मध्ये मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर हेच तपासलं. कुशल खेळाडूंची शेवटची नजर जास्त लांब होती, शॉट अवघड झाला की ती आणखी लांबत होती, आणि वेळ कमी दिला की ती आखडायची व खेळही बिघडायचा.

समोरच्या फोनमधल्या मित्राच्या जुन्या-नव्या क्लिपा शेजारी ठेवल्या तर हे नुसत्या डोळ्याला दिसतं. पूर्वी तो वाकायचा आणि मारायचा. आता कड, मध्य, फिरव करताना तो थांबतो, डोकं हलत नाही. माझा अंदाज असा की त्याच्या रेघांची भूमिती त्याला पॉकेटपर्यंत नेत नाही, पण त्या रेघा त्याला शांत करतात, आणि उरलेलं काम हात करतो. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. तो मात्र अजूनही माझ्याशी सहमत नाही. स्पर्धेत तो उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि हा पुरावा तो मला दर आठवड्याला ऐकवतो.

कॅमेरा कोणती पद्धत खरी ते सांगत नाही. माणूस जे सांगतो आणि जे करतो, त्यांत अंतर किती, एवढंच तो दाखवतो. शिकवणारा नेहमी जे सांगतो तेच देतो, कारण जे करतो ते त्यालाही ठाऊक नसतं. शिकणारा हुशार असेल तर ते अंतर आपोआप भरून काढतो. आणि शिकणारा आज्ञाधारक असेल तर?

क्लिप

त्या रात्री काकांचं वाक्य डोक्यात घेऊन घरी आलो आणि जुनी क्लिप उघडली. साधी क्लिप, सेकंदाला तीस चौकटी. पण मोजमापाची गरजच नव्हती. मित्र नेमका बहिणीच्या मागे, काठीच्या रेषेत उभा होता. दोन्ही बॉल वीतभर अंतरावर, म्हणजे पांढऱ्याला लोळायला वेळ नाही, तो घसरतच जाणार. कट अर्ध्या बॉलच्या आसपासचा. आणि मी म्हणतोय, हळू मार. थ्रो सगळ्यात जास्त व्हावा अशी सगळी तयारी मी स्वतः करून ठेवली होती.

माझं बोट कापडावर टेकतं तिथे मी क्लिप थांबवली आणि पडद्यावर त्या जागी स्केचपेनने ठिपका काढला. मग पुढे नेली. तिची काठी त्या ठिपक्यावर होती. मारताना काठी सरळ गेली, कोपर हललं नाही. पांढरा बॉल ठिपक्याकडेच गेला. चारही वेळा. आणि चारही वेळा रंगीत बॉल एकाच बाजूला, जाड चुकला. वेंधळा माणूस कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. ती एकाच ठिकाणी चुकत होती, कारण मी एकच जागा दाखवत होतो.

तिला नजर होती. माझ्यापेक्षा चांगली होती. मी सांगितलं ते तिने तंतोतंत केलं, आणि मी सांगितलेलं चूक होतं.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. ती आता नाशिकला असते. कोरिओलिसपासून सुरुवात केली, तर म्हणाली, "दादा, मी ऑफिसात आहे. मुद्द्याचं बोल." मुद्द्याचं बोललो. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"म्हणजे मी बरोबर मारत होते?"

"हो."

"मग काय करायला हवं होतं?"

"मी बोट दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवायला हवं होतं. आणि जरा जोरात मार म्हणायला हवं होतं."

"दोन-तीन मिलिमीटर," ती म्हणाली. मग हसली, क्लिपमधल्यासारखीच. "पाठव ना ती क्लिप. मी कधी पाहिलीच नाही."

पाठवण्याआधी मी ती एकदा एडिटमध्ये उघडली. शेवटचे तीन सेकंद काढून टाकले असते तर माझं वाक्य गेलं असतं, आणि क्लिप जास्त छान दिसली असती. अंगठा तिथे थोडा वेळ थांबला. मग तशीच पाठवली, अख्खी.